देवावर हवाला

सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसाला एकाच गोष्टीसाठी दोन शब्द असण्याची सवय असते. एक घरातला, एक शाळेतला. बहुतेक वेळा दोन्हींचा अर्थ एकच असतो आणि आपण एक पायरी उतरून दुसरी चढावी तितक्या सहजपणे एका भाषेतून दुसरीत जातो. पण काही शब्द असे असतात की ते ओलांडताना ठेच लागते. ‘रामभरोसे’ हा त्यातला एक. हिंदीत हा शब्द आता निम्मा थट्टेचा झाला आहे. वेळेवर न येणारी बस रामभरोसे, उघडी पडलेली शाळा रामभरोसे. घरी आजोबा ‘देवावर हवाला’ म्हणत तेव्हा मात्र त्यात थट्टा नसे. ते हरिपाठ म्हणणारे वारकरी. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण कोणी उच्चारली की ते चिडत आणि म्हणत, “हे आळशाचं आहे, तुकोबाचं नव्हे.”

वडिलांची थोडीशी संत्र्याची बाग होती. आंबिया बहर घ्यायचा तर हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडावे लागते. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, बघणाऱ्याला वाटते झाड गेले. मग पाणी सोडले की फूल धरते. पुढे फळ बोराएवढे होते न होते तोच गारपीट येऊन सगळे जमिनीवर अंथरून जाते, हेही आमच्याकडे कोणाला नवे नाही. वडील म्हणायचे, “ताण देणं आपलं काम, बहर देणं त्याचं.” देवावर भरवसा ठेवणे आणि हातपाय गाळणे यांतला फरक मला या वाक्याने जितका कळला तितका पुढे ग्रंथांनी कळला नाही.

हे सगळे आठवायला कारण झाले ते मराठी ख्रिस्ती लेखकांचे वाचन. आपल्या भागात ख्रिस्ती घरे थोडी, आणि ‘ख्रिस्ती’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना नि छिंदवाड्याचे जुने चर्च. त्या धर्माचा गाभा काय, त्याचा साधक कशाशी झगडतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. वास्तविक डोंगरावरच्या प्रवचनात येशूने धन्य म्हटले ते सर्वांत आधी दीनांना, आणि पौलाने आपल्या पत्रांत पुन्हा पुन्हा सांगितले ते हेच की माणसाचे बळ त्याच्या दुर्बलतेतूनच यायचे असते. लीनता आणि देवावरचे अवलंबन ही त्या साधनेची मुळाक्षरे. ती मराठीत ज्यांनी गिरवली त्यांपैकी दोघांची वाट आपल्या मुलखाला लागून गेलेली आहे. एक पंडिता रमाबाई, दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळकांबरोबर लक्ष्मीबाईही आल्याच, किंबहुना माझ्या मते हिशेब नीट मांडायचा तर त्याच आधी यायला हव्यात. पण ते पुढे.

आधी मुलखाविषयी थोडे. सौंसर, पांढुर्णा ही देवगडच्या गोंड राज्याची आणि नंतर नागपूरकर भोसल्यांची गावे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा आपण छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, त्यात सौंसर आले. सीमा मात्र जिथे होती तिथेच आहे. नागपुरात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम १८४५ साली स्टीफन हिस्लॉप यांनी सुरू केले. ज्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून नागपुरात आहे ते हेच. धर्मोपदेशक असूनही ते दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या चालीरीती गोळा करीत हिंडायचे. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. छिंदवाड्याकडे पुढे स्वीडनच्या लूथरन मिशनने काम केले आणि त्या परंपरेतल्या चर्चचे मुख्य ठाणे आजही छिंदवाड्यातच आहे. इतकी पार्श्वभूमी पुरे. मिशनांचा इतिहास हा माझा विषय नाही.

रमाबाईंची गोष्ट मराठी वाचकाला अर्धी ठाऊक असते. १८५८ साली जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. मुलीला संस्कृत शिकवले म्हणून अनंतशास्त्र्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रे फिरायचे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, इथपर्यंत आपण शाळेत शिकतो. त्याच्या आधीची चार वर्षे पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

ती वर्षे मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाची. होते नव्हते ते दानधर्मात आणि तीर्थात संपले. हाताला कसलाही धंदा नव्हता आणि मोलमजुरी करण्याची लाज वाटत होती. आपण शास्त्री, आपण भीक मागणार नाही आणि ओझेही उचलणार नाही, ही ताठरता त्या घरात होती, असे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिले आहे. तांदळाचा शेवटचा दाणा संपल्यावर सारे जण रानात जाऊन मरायचे ठरवून निघाले. पाणी, झाडपाला आणि थोडी रानखजुरे यांवर अकरा दिवस काढले. शेवटी भाऊ श्रीनिवास म्हणाला की कुळाचा अभिमान सोडून मी मिळेल ते काम करीन. वडील त्यातच गेले. पुढे आईला वात झाला, ती भाकरी मागू लागली, तेव्हा रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण मागायचा शब्द तोंडातून फुटेना. त्या घरच्या बाईनेच ओळखून भाकरीचा तुकडा दिला. आईला तो गिळता आला नाही. अंत्ययात्रेला खांदेकरी पुरे होईनात म्हणून चौथ्या खांद्याला स्वतः रमाबाई लागल्या. उंची कमी पडली, म्हणून त्यांनी तिरडीचे ते टोक डोक्यावर घेतले.

हा प्रसंग वाचल्यापासून ‘लीनता’ हा शब्द मला गुळगुळीत वाटेनासा झाला आहे. धर्मग्रंथात नम्रता शिकणे आणि भाकरीच्या तुकड्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहून शिकणे यांत अंतर आहे. रमाबाई दुसऱ्या शाळेत शिकल्या.

पुढची वर्षे धावत सांगतो. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह. १८८१ साली मनोरमेचा जन्म, १८८२ साली वैधव्य. पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे आई आणि मुलगी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिका, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे गाजलेले पुस्तक, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने या संस्थेला दहा वर्षे पैसा पुरवायचे कबूल केले होते.

आता या विदुषीने स्वतःविषयी दिलेली कबुली पाहावी. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म मिळवला, पण ख्रिस्त मिळवला नाही. म्हणजे तर्काने पटलेले सारे जवळ होते, फक्त ज्याच्यावर भार टाकायचा तो नव्हता. वारकऱ्याला हे लगेच कळेल. ज्ञान आहे पण माऊली भेटली नाही, असे म्हणणारे आपल्याकडेही होऊन गेले. कलकत्त्याने ज्यांना सरस्वती म्हटले त्यांनी आपल्या पांडित्याविषयी हे लिहावे, याला धैर्य लागते.

याच सुमारास त्यांनी तीन चरित्रे वाचली: चीनमधल्या हडसन टेलरचे, ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवर काम करणाऱ्या जॉन पेटनचे. म्यूलर तर कोणाकडे वर्गणी मागायचाच नाही. जे हवे ते प्रार्थनेत मागायचे आणि आले तेवढ्यात चालवायचे, ही त्याची रीत. रमाबाईंना वाटले, हिंदुस्थानात कोणी असे करून दाखवील तर किती बरे होईल. मग मनात आले, कोणी म्हणजे दुसऱ्यानेच का?

१८९६ साली लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला होता. तिथे त्या शारदासदनातल्या १५ मुलींसह गेल्या होत्या. पहाटे एकांतात बसून त्यांनी प्रार्थना केली ती अशी की या पंधरांचा वर्ग होऊ दे. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस. मला या प्रार्थनेतला गणिती नेमकेपणा फार आवडतो. पण त्या वेळी सदनात जेमतेम ५० मुलींची सोय होती, आणि असोसिएशनची दहा वर्षे संपायला दोनच वर्षे उरली होती.

आणि मग दुष्काळ आला तो आपल्या मध्य प्रांतात. १८९६-९७ च्या त्या दुष्काळाचा मोठा मार सागर, दमोह, जबलपूर अशा उत्तरेकडच्या जिल्ह्यांना बसला. बातम्या पुण्यास पोचल्या तेव्हा रमाबाई आधी गप्प राहिल्या. हे त्यांनी लपवलेले नाही. वीस वर्षांपूर्वीचे रान, तो पाला, ती भाकरी सगळे डोळ्यांपुढे आले. आणि त्याबरोबर विचार आला की माझ्याजवळ पैसा नाही, मी जाऊन करणार काय? शेवटी त्या निघाल्या. पांढुर्ण्यावरून जाणारा नागपूर-इटारसी लोहमार्ग तेव्हा नव्हता. तो १९२३ ते १९२५ च्या दरम्यान पुरा झाला. पुण्याहून जबलपूरकडे जायचे तर भुसावळ, खांडवा, इटारसी असा वळसा. मदतकेंद्रांच्या आणि अनाथालयांच्या दारात हाडांचे सापळे झालेल्या मुली बसलेल्या, आणि त्यांच्याभोवती त्यांना पळवून नेऊ पाहणारी माणसे घिरट्या घालणारी. एकट्या पडलेल्या मुली आणि बालविधवा गोळा करून त्या परत फिरल्या. काही महिन्यांत ही संख्या ३०० च्या घरात गेली. लोणावळ्याला मागितलेला आकडा मागे पडला.

पुण्यात त्याच वेळी प्लेग सुरू झालेला. एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. असोसिएशनचा पैसा थांबल्यावर फळांच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा तिच्यामागचा हिशेब. आम्हा बागवाल्यांना तो लगेच पटेल आणि त्यातला धोकाही कळेल. त्या जमिनीवर झोपड्या, मांडव उभे राहिले आणि त्यातून ‘मुक्ती’ झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आणल्या. त्या सुमारास केडगावला राहणाऱ्यांची संख्या २००० च्या आसपास गेली होती. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी बार्तमीसदन. तिथे मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. मध्य प्रांताची हिंदी, गुजरातेची गुजराती आणि केडगावची मराठी एका अंगणात नांदत होत्या. आपल्याला हे चित्र परके वाटू नये.

आता कोणी म्हणेल, देवावर हवाला म्हणजे पैसा आकाशातून पडत होता काय? नव्हता. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथून देणग्या येत. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे पत्रक निघे आणि त्यातून गरजा परदेशी पोचत. अमुक इतके द्या असे लिहिले नाही तरी परिस्थिती छापणे हेही एक प्रकारचे मागणेच, असे मला वाटते, आणि त्यात काही कमीपणाही वाटत नाही. शिवाय संस्थेत माग होते, तेलघाणी होती, छापखाना होता, गुरे होती, शेती होती. ज्या घरात एके काळी काम करण्याची लाज होती, त्या घरच्या मुलीने शेकडो मुलींच्या हातांना धंदा दिला. ताण आपण द्यायचा तो असा.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो डावलून पुढे गेलो तर हा लेख खोटा ठरेल. दुष्काळात सापडलेल्या मुली ख्रिस्ती झाल्या, हे त्या काळच्या हिंदू समाजाला झोंबले. १८९३ सालीच शारदासदनातल्या मुली प्रार्थनेकडे ओढल्या जातात म्हणून वादळ उठले होते. रानडे, भांडारकरांसारख्या सहानुभूती असणाऱ्यांनीही सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. भुकेल्या मुलीपुढे अन्न आणि प्रार्थना एकाच दारातून येतात तेव्हा तिची निवड कितपत मोकळी राहते, हा प्रश्न आजही विचारावा असाच आहे. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्नही ठेवावा लागतो. त्या मुलींना आणायला मध्य प्रांतात दुसरे कोण किती गेले? आजोबांपुढे मी हा विषय काढला होता. त्यांनी पहिला प्रश्न ऐकून मान डोलावली आणि दुसरा ऐकून बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

रमाबाईंची लीनता गुळचट नव्हती हे कळायला त्यांची पत्रे वाचावीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींमधला पत्रव्यवहार छापलेला आहे. जेराल्डीनबाईंना वाटे, नव्या ख्रिस्ती स्त्रीने नम्र असावे, म्हणजे चर्च सांगेल ते ऐकावे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदू समाजात स्त्रीने पुरुषांना शिकवले तर बरे दिसणार नाही, हे कारण! कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांपुढे बोललेल्या बाईला हे सांगण्यात आले. त्यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की एका पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तसलेच दुसरे मानेवर घ्यायला मी तयार नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की नसावीत यावरही वाद झाला. आमच्या लोकांना न कळणारी लॅटिन आमच्या संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असे त्यांनी विचारले. दोन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नातली धार वेगळी सांगायला नको.

सरकारपुढेही त्या वाकल्या नाहीत. १८९७ च्या मे महिन्यात पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले. त्याचा गवगवा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते खोडून काढले, तरी रमाबाई आपल्या म्हणण्यावरून हलल्या नाहीत. देवापुढे पूर्ण वाकलेला माणूस इतरांपुढे वाकायला फारसा राजी नसतो, असे दिसते. दीन असणे वेगळे, लाचार असणे वेगळे. हिंदीत ‘दीन-हीन’ असा जोडशब्द रूढ आहे, आणि मला नेहमी वाटते की त्या जोडीने ‘दीन’ शब्दाचे नुकसान केले.

त्यांचे शेवटचे मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. त्या काळी प्रचलित असलेले मराठी बायबल संस्कृतप्रचुर, केडगावच्या शेतकरी मुलींना कळायला अवघड. म्हणून या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सुमारे १८ वर्षे खपून सगळे बायबल साध्या मराठीत उतरवले. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच बाया. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून संपवण्यापुरते दिवस त्यांनी प्रार्थनेत मागून घेतले होते, अशी आठवण सांगितली जाते. ग्रंथ १९२४ साली निघाला. जिला संस्कृत येते तिने दळणाऱ्या बाईला कळेल असे लिहिण्यासाठी अठरा वर्षे घालवावीत! लेखकाच्या लीनतेचे याहून मोठे उदाहरण मला मराठीत आठवत नाही.

टिळकांचा मार्ग वेगळा. ते आपल्याला कवी म्हणून आधी भेटतात. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता मराठी शिकलेल्या प्रत्येकाने कधीतरी डोळे पुसत म्हटलेली असते. १८९० नंतरच्या काही वर्षांत ते नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. तिथून ते राजनांदगावला निघाले. आज छत्तीसगडात असलेले हे गाव तेव्हा मध्य प्रांतातले छोटे संस्थान, आणि आपल्यासारखेच दोन भाषांच्या सीमेवरचे. १८९३ च्या त्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. ते सोयीसाठी केलेले बोलणे नव्हते. त्यांच्या अभंगांतला भक्त ख्रिस्ताला माऊली म्हणतो, स्वतःला लेकरू म्हणतो. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘उपासना संगीता’तून आजही टिळकांची गीते गातात. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांची सवय झालेल्या मंडळीला त्यांनी टाळ-मृदंग आणि कीर्तन परत दिले. अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये ते बरीच वर्षे होते, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक. १९१७ साली मात्र त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगारी धर्मोपदेशक असणे त्यांना सहन होईना. भगवी वस्त्रे घेतली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे अनुयायी त्यात यावेत, ही कल्पना. दोन वर्षे जेमतेम मिळाली. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार तिथेच थांबला.

ही गोष्ट टिळकांच्या बाजूने फार उदात्त आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचली की तीच गोष्ट स्वयंपाकघरातून दिसू लागते. पगार हातात पडला की वाटेत भेटेल त्याला देऊन मोकळे व्हायचे, अनाथ पोरे घरी घेऊन यायची, पाहुण्यांची पंगत बसवायची, आणि डब्यात पीठ आहे की नाही हे विचारायचे नाही. बालकवी ठोमरेही याच घरात मुलासारखे राहिले. टिळक बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले तेव्हा लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन चारएक वर्षे नातेवाइकांच्या दारी राहिल्या. लोक काय बोलले असतील याची कल्पना करावी. त्यांनी मात्र ते सगळे हसत लिहिले आहे. नंतर त्या नवऱ्याकडे गेल्या, सोवळेओवळे एकेक पायरीने गळाले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागोमाग लगेच घेतला नाही, हे मुद्दाम सांगतो.

आमच्या घरी ‘स्मृतिचित्रे’ वाचनालयातून आणलेले होते. दुपारची भांडी आटोपली की आई ते मोठ्याने वाचायची, आणि शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकू उंबऱ्याशी बसून ऐकायच्या. काही अडले की आई तिथल्या तिथे हिंदीत सांगायची. टिळकांनी घरातले सगळे पैसे कोणाला तरी देऊन टाकल्याचा एक प्रसंग वाचताना ती थांबली नि म्हणाली, “याचा भरवसा देवावर, अन् हिचा भरवसा कणकेच्या डब्यावर. देव मंग कोणाच्या हातानं वाढत होता म्हणावं?” काकू एवढंच म्हणाल्या, “हमारे यहाँ भी ऐसा ही है, बाई.” दोघी खूप हसल्या. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. हसण्यासारखे काय आहे ते मला कळले नव्हते.

आईचा तो प्रश्न मी नंतर अनेक चरित्रांना लावून पाहिला. म्यूलरला, टेलरला, आपल्याकडच्या संतांनाही. जिथे कोणी एक जण सगळे सोडून देवावर हवाला ठेवतो तिथे दुसरे कोणी तरी चूल पेटती ठेवत असते आणि त्याचे नाव बहुधा ग्रंथात येत नाही. रमाबाईंच्या बाबतीत ही दोन्ही माणसे एकच होती. टिळकांच्या घरी ती दोन होती. म्हणून सुरुवातीला म्हटले की हिशेबात लक्ष्मीबाई आधी यायला हव्यात. टिळक थोर नव्हते असे मला म्हणायचे नाही. त्यांनी जे मागे ठेवले ते खरेच सोडले होते, आणि आपल्या चिडखोर, उतावळ्या स्वभावाशी ते जन्मभर झगडले. पण त्यांच्या दरबाराला लागणारा धीर कोणी पुरवला, हे त्यांच्या कवितांत शोधून सापडत नाही.

टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले होते. अकराच्या आसपास अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंचे शिक्षण म्हणजे लग्नानंतर नवऱ्याने शिकवलेली अक्षरे. त्या जोडाक्षरांना घाबरत आणि त्याविषयी स्वतःच विनोद करीत. त्यांनी ते काव्य पुढे घेतले. पन्नाशी उलटलेली, हाताशी पैसा नाही, कराचीसारख्या दूरच्या गावी मुलाच्या बिऱ्हाडी राहणे. रोज थोडे थोडे करीत त्यांनी साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या तेव्हाही शेवट थोडका उरला होता. तो मुलाने, देवदत्त नारायण टिळकांनी, पुरा केला.